पाठमोरा स्टॉल

मे महिन्यात, उघड्या मैदानावर, चुलीच्या सगळ्या स्टॉलची तोंडं पश्चिमेला करून ज्या कुणी तो नकाशा काढला, त्या माणसाने आयुष्यात एकदाही चूल पेटवलेली नाही. हा माझा आरोप आहे आणि मी तो मागे घेणार नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात अकरा वाजले की पश्चिमेचं वारं सुटतं. हे शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असतं. स्टॉलचं तोंड पश्चिमेला म्हणजे भाकरी करणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाकडे बघत बसायचं, आणि धूर, राख, वरून उतरतं ऊन, सगळं डोळ्यांत घ्यायचं. नकाशा काढणारा मात्र पूर्वेच्या ऑफिसच्या तंबूत बसलेला. तिथे पंखे होते.

केडगावजवळच्या मैदानावर पाच दिवसांचा ग्रामीण खाद्य महोत्सव होता. आमच्या गावच्या बचत गटाने त्यात स्टॉल घेतला होता. अशा ठिकाणचे किस्से दिवसाला एक या हिशोबाने साचतील असं मला वाटलं होतं. पण एखाद्या दिवशी नाश्त्याच्या आधीच दोन झाले. घरी आल्यावर मैत्रिणींना सांगायला लागले तर त्या हसतात. मीही हसते. पण हसून झालं की माझं डोकं पुन्हा तापतं, म्हणून आता एकदा लिहूनच काढते.

आधी माणसं सांगते, फार नाहीत. आमचं गाव पाथर्डीच्या बाजूचं, कोरडं. मी नगरला कॉलेज केलं, त्यामुळे गटाचे अर्ज, फॉर्म, फोन हे माझ्याकडे. भाकरी आणि शेंगोळे कमलमावशीकडे. वाढणं आणि तोंड चालवणं लताकाकूकडे.

कमलमावशी आमच्या शेजारच्या. दर वर्षी दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यात परत येतात. बरोबर मुलगी आरती. आरतीची शाळा अशी अर्धी गावात आणि अर्धी कुठेच नाही. या जूनला ती दहावीत जाणार होती.

महोत्सवाच्या पत्रकात एक ओळ होती. पहिल्या नंबरच्या स्टॉलला नगरमधल्या एका कार्यालयाच्या आवारातली बंद पडलेली कॅन्टीन चालवायला मिळणार. ती ओळ मी मावशींना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, ती बारा महिने चालते का. मी म्हटलं, बारा महिने. त्या म्हणाल्या, "मंग भर फॉर्म. आरतीची दहावी एका जागी व्हईल."

पाच दिवस आम्ही त्या एका ओळीसाठी तिथे होतो. बाकीचं जे घडलं ते घडलं.

*

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मावशींचे डोळे टोमॅटोसारखे झाले. मी ऑफिसच्या तंबूत गेले. तिथे संयोजकांचे एक सर होते, गळ्यात लाल पट्टीचं ओळखपत्र. आम्ही त्यांना पट्टीवाले सर म्हणायचो. मी त्यांना वाऱ्याचं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा नकाशा माझ्याकडे फिरवला आणि बोटाने दाखवलं, की बघा, इथे असंच आहे.

परत येऊन मी हे सांगितलं, तर लताकाकू म्हणाली, "नकाशाला धूर लागत न्हाई ना, म्हनून."

मावशी उठल्या, तवा उतरवला, विटा उचलल्या आणि चूल उलटी मांडली. वाऱ्याच्या बाजूला एक पत्रा आडवा लावला, आणि स्वतः गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसल्या. अर्ध्या तासात त्यांचे डोळे निवळले आणि भाकरी फुगायला लागली.

तासाभराने पट्टीवाले सर धावत आले. सगळ्या रांगेत एकच स्टॉल पाठमोरा, कसं दिसतं ते! लोकांना बाईचा चेहरा दिसला पाहिजे, हसरा चेहरा. परीक्षक त्याचेही गुण देतात म्हणे.

मावशींनी मान वळवली नाही. "तोंड भाकरीकडं हाय, सर," त्या म्हणाल्या. "पाठीमागं कोन काय करतंय ते लता बघती."

*

त्याच पहिल्या दिवशी उद्घाटन झालं होतं. पाहुणे आले, फीत कापली, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की पाहुण्यांनी भाकरी थापतानाचा फोटो घ्यावा. घोळका आमच्याच स्टॉलवर थांबला, कारण आमची पीठ मळायची काठवट मोठी होती.

पाहुणे चांगले होते, उगीच खोटं का बोलू. पण त्यांचा सदरा पांढरा होता आणि त्यांना पिठाची भीती वाटत होती. मावशींनी पीठ मळून, गोळा करून, निम्मी भाकरी थापून त्यांच्यापुढे ठेवली. पाहुण्यांनी तिच्यावर दोन बोटं टेकवली. फोटोवाला म्हणाला, अजून एकदा. मग कुणीतरी मधे आलं, मग पाहुण्यांचे डोळे मिटले, मग पुन्हा. तीन भाकऱ्या त्या फोटोपायी वाया गेल्या. बाजरी कुठे पिकते आणि किती पावसात पिकते, हे त्या घोळक्यात कुणाला विचारायची मला फार इच्छा झाली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पाहुणे भाकरी थापताहेत, खाली त्यांचं नाव, पद. मावशी कापल्या गेल्या होत्या. फक्त कडेने एक हात आला होता, हिरव्या बांगड्यांचा, भाकरीच्या खाली.

मी रागाने तो पेपर चुरगाळणार होते. मावशींनी तो माझ्या हातून घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो माजा हात हाय." लताकाकूने ते कात्रण पिठाची खळ लावून खांबावर चिकटवलं. पुढचे चार दिवस ती प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी फोटोतला हात दाखवायची, मग चुलीपाशी मावशींचा.

*

मैदानाच्या बरोबर मध्यभागी त्यांनी एक 'आपलं गाव' उभं केलं होतं. फायबरची बैलजोडी, फायबरची विहीर आणि एक गवताची झोपडी. झोपडीत फायबरची एक बाई चुलीपुढे भाकरी थापत बसलेली. चुलीत लाल कागदाचा जाळ. लोकांनी तिच्या शेजारी बसून सेल्फी काढायचे.

लोकांना उकडू नये म्हणून त्या झोपडीत कूलर होता.

हे मी पुन्हा लिहिते. कागदाच्या जाळापुढे बसलेल्या फायबरच्या बाईला कूलर होता, आणि खऱ्या जाळापुढे बसलेल्या चौदा स्टॉलवरच्या बायकांना साधा टेबलफॅनसुद्धा नव्हता. मी तंबूत जाऊन हे सांगितलं. पट्टीवाले सर म्हणाले की ती झोपडी 'आकर्षण' या सदरात येते आणि आम्ही 'सहभागी' या सदरात.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लताकाकू दिसेना. भाकरीबरोबरचं कोरड्यास वाढायला माणूस नाही. मी शोधत झोपडीपाशी गेले, तर तिथे सेल्फीसाठी रांग लागलेली. आत फायबरच्या बाईशेजारी लताकाकू बसलेली. डोक्यावरून पदर, भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, अजिबात हालचाल नाही. कूलरच्या वाऱ्यात तिला शांत झोप लागली होती.

एक गृहस्थ बायको-मुलांना घेऊन दोघींच्या मधोमध बसले. फोटो झाला. उठताना त्यांनी लताकाकूकडे निरखून बघितलं आणि बायकोला म्हणाले की कलाकाराने ही दुसरी बाई फारच हुबेहूब केली आहे, पहिलीत तेवढी मजा नाही.

लताकाकूने डोळे उघडले. "व्हय," ती म्हणाली, "पहिलीला उन्हात काम न्हाई ना."

त्या गृहस्थांचा छोटा मुलगा अजून घाबरला असेल. पण ते कुटुंब नंतर आमच्याकडेच जेवायला आलं, हेही सांगायला हवं.

*

स्पर्धेच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'सिग्नेचर डिश'. मी लिहिलं, हुलग्याचे शेंगोळे. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, हातावर वळून त्याची वेटोळी करायची आणि उकळत्या रश्शात सोडायची. आमच्या भागात पाहुणा आला, पाय दुखले, सर्दी झाली, सगळ्याला हेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर आमच्या स्टॉलवर छापील पाटी: 'हॉर्सग्राम नूडल्स'. पट्टीवाल्या सरांचं म्हणणं होतं की शेंगोळे म्हटलं तर शहरातल्या लोकांना समजत नाही, आणि हे जरा उठून दिसतं.

उठून दिसलं. सकाळभर कॉलेजची पोरं येऊन सॉस मागत होती.

दुपारी एक म्हातारे आजोबा स्टॉलपुढून एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा थांबले. पांढरी टोपी, हातात पिशवी. नाक वर करून त्यांनी वास घेतला आणि विचारलं, हे काय शिजतंय. मी म्हटलं, शेंगोळे, बाबा. ते माझ्यावरच चिडले.

"मंग तसं लिव्हा की! मी कोल्हारवरनं दोन एस्ट्या बदलून आलो हाय. दोन येळा पुढनं गेलो. म्हनलं, चायनीजवाल्याकडनं शेंगोळ्याचा वास कसा काय येतोय."

ते जेवत असताना मी ती पाटी काढून उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कोळशाने 'शेंगोळे' लिहिलं. मला पाटीचं अक्षर नीट जमत नाही. त्या दिवशी जमलं.

*

पाण्याचा किस्सा सांगताना मला अजूनही शांत राहता येत नाही.

चौथ्या दिवशी मोठे साहेब काही पाहुण्यांना घेऊन फिरणार होते. मोठे साहेब म्हणजे महोत्सवाचे प्रमुख, आणि स्पर्धेचे मुख्य परीक्षकही तेच. धूळ उडू नये म्हणून सकाळी टँकर आला आणि स्टॉलच्या रांगेपुढे रस्ता भिजवत निघाला. आमच्या पिंपात तेव्हा तळाला हात लागत होता. जारवाला अजून आला नव्हता.

मी कळशी घेऊन टँकरला आडवी गेले. ड्रायव्हर भला होता, त्याने नळी थांबवली. पण मागून पट्टीवाले सर आले. हे पाणी फक्त रस्त्यासाठी आहे, म्हणाले. पिण्याच्या पाण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या स्टॉलची, नियमावलीत लिहिलंय. मी म्हटलं की आम्हाला प्यायला नको, भांडी घासायला द्या, हात धुवायला द्या. त्यांनी टँकरवाल्याला पुढे जायची खूण केली.

माझ्या तोंडून काय काय गेलं असतं देव जाणे, पण मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी भिजलेल्या रस्त्याकडे बघितलं. पाणी मातीवर पडत होतं आणि पडल्या पडल्या जिरत होतं.

"आमच्याकडं मानसांना टँकर येतो, सर," त्या म्हणाल्या. "रस्त्याला येतो ते आज बघितलं."

सर खाली बघून निघून गेले. टँकरवाला मात्र रांगेच्या टोकापर्यंत गेला, वळला आणि परत येताना आमच्या स्टॉलपुढे त्याची नळी आपोआप निसटली. दोन पिंपं भरेपर्यंत त्याला ती काही केल्या बसवता येईना.

*

आता बबनमामांचं सांगायला हवं.

बबनमामा मोठ्या साहेबांच्या गाडीचे ड्रायव्हर. पन्नाशीचे, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी जेवायला आमच्याकडे आले. महोत्सवाने प्रत्येक स्टॉलला दोन उंच टेबलं दिली होती, उभ्याने खायची. माणूस उभ्याने भाकरी कुस्करणार कसा, हे मावशींना पटलं नाही. त्यांनी टेबलांवर पातेली ठेवली आणि खाली दोन लांब सतरंज्या अंथरल्या. आमच्याकडे यायचं तर चपला काढून मांडी घालायची. बबनमामा ते बघून आले असावेत.

पहिल्या दिवशी त्यांनी दोन घास घेतले आणि फोन वाजला. "गाडी काढ." मामा हात धुवायला थांबलेसुद्धा नाहीत, तसेच हात पुसत पळाले.

मावशींनी त्यांचं ताट उचललं नाही. त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि कडेला सरकवून ठेवलं. संध्याकाळी मामा आले, तेव्हा नवी गरम भाकरी घालून पुढे केलं. चार घास झाले असतील. फोन.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी फोन नाही, पण रस्त्यावरून हॉर्न वाजला. साहेब स्वतः गाडीत बसून वाजवत होते. चौथ्या दिवशी मामांनी पहिलाच घास घेतला होता. चार दिवसांत त्या माणसाचं एकही जेवण आमच्यासमोर पुरं झालं नाही. चौथ्या दिवशी पालथं घातलेलं ताट बघून मी संतापाने म्हटलं की हे मामाच नीट सांगत का नाहीत, की जेवतोय म्हणून? पाच मिनिटांनी कुणाचं काय बुडणार आहे?

मावशी पीठ मळत होत्या.

मग म्हणाल्या की उसाच्या फडात असंच असतं. दिवसभर तोडायचं. मग कोपीपुढे, आपल्या पाचटाच्या खोपटापुढे, चूल पेटवायची, ताट वाढायचं, आणि नेमका तेव्हाच ट्रक येतो. ट्रक आला की मुकादम हाक मारतो. मग ताटावरून उठायचं आणि गाडी भरायची. मोळ्या डोक्यावर, फळीवरून वर. भरून होईपर्यंत भाकरीवर माती बसलेली असते. आरती लहान होती तेव्हा आई ताटावरून उठली की तिला वाटायचं जेवण संपलं, तीही उठायची. एवढं सगळं त्यांनी पिठाकडे बघतच सांगितलं.

"माज्या हातचं खाया बसलेलं मानूस मी उठवनार न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "कुनी का येईना."

तो आमच्या स्टॉलचा नियम झाला. मला तो फारच आवडला. मी लगेच तो कोळशाने पुठ्ठ्यावर लिहून खांबाला लावला, हाताच्या फोटोच्या खाली: 'इथे जेवता माणूस उठवला जात नाही.'

*

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही वाट बघत बसणार नाही.

पहिला नंबर आला 'अस्सल गावरान' नावाच्या स्टॉलचा. त्यांचं हायवेला हॉटेल आहे. भाड्याच्या नऊवारीतल्या दोन मुली दाराशी ओवाळायची ताटं घेऊन उभ्या, आत गॅसची शेगडी, आणि मुख्य पदार्थ पनीर. आमच्या भागात कुठल्या गावरान म्हशीने पनीर दिलं ते मला कुणीतरी दाखवावं. कॅन्टीन त्यांना मिळाली. हॉटेलवाल्यांना कार्यालयातल्या लोकांना चहा-भाकरी देण्यात रस नाही, त्यामुळे कॅन्टीनला अजून कुलूप आहे. मी परवाच जाऊन बघून आले. कुलपावर कोळ्याचं जाळं.

आम्हाला 'उत्तेजनार्थ' असं एक प्रमाणपत्र मिळालं. त्यात गटाचं नाव चुकलेलं आहे.

मी त्या कॅन्टीनसाठी पुन्हा अर्ज केला आहे. दोनदा केला आहे. उत्तर नाही. आरतीची शाळा सुरू झाली आहे. दसऱ्याला मावशी जाणार की राहणार, ते अजून ठरायचं आहे. मी रोज सकाळी त्यांच्या अंगणावरून जाते आणि कोयता भिंतीला टांगलेला आहे ना, तेवढं बघून पुढे जाते.

आता शेवटचा.

*

पाचवा दिवस, दुपार. परीक्षण त्या दिवशी होतं. सकाळीच मांडववाल्यांची माणसं आली होती, मागच्या बाजूचे खांब उतरवायला सुरुवात झाली होती. दुपारी त्यातले आठ जण आमच्याकडे जेवायला बसले. अंगभर धूळ, खांद्यावर दोरांचे वळ. दोन्ही सतरंज्या भरल्या. कडेला, रस्त्याकडे पाठ करून बबनमामा बसले होते. त्यांच्यापुढे पाचवं ताट.

मावशी नेहमीसारख्या चुलीकडे तोंड करून. लताकाकू वाढत होती. शेंगोळ्यांचा दुसरा हंडा उतरला होता आणि त्या दिवशीचे शेंगोळे पाच दिवसांत सगळ्यांत चांगले झाले होते. मी चाखले होते म्हणून सांगते.

पट्टीवाले सर पुढून आले. मागून मोठे साहेब, दोन परीक्षक, फोटोवाला. सरांनी सतरंज्यांवरची माणसं बघितली आणि मला बाजूला घेतलं. फक्त पाच मिनिटं, म्हणाले. यांना जरा मागे न्या, साहेबांना बसवा, एक घास, एक फोटो, झालं. मग पुन्हा बसू दे. त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, साहेबांना तुमचा स्टॉल आवडलाय, पहिल्या दोनात आहे. आता घालवू नका.

पहिल्या दोनात. मी त्या क्षणी कॅन्टीन बघितली. रंग दिलेली, दार उघडं, आणि आरती मागच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली.

आणि मी, जिने तो पुठ्ठा स्वतःच्या हाताने लिहून लावला होता, सतरंजीपाशी जाऊन वाकले आणि मांडववाल्यांना म्हटलं, "दादा, पाचच मिनिटं जरा उठता का? ताटं घेऊनच उठा. साहेब आलेत."

कुणाला रागसुद्धा आला नाही. सवयच होती. एकाने हातातला घास ताटात परत ठेवला. दुसरा एक हात टेकून अर्धा उठला. तिसऱ्याने ताट उचललं.

"खाली बसा."

मावशी वळल्या होत्या. चूल उलटी मांडल्यापासून, चुलीपाशी असताना, पहिल्यांदा त्यांचा चेहरा रस्त्याकडे होता. हात पिठाचे, कपाळावर राख.

अर्धा उठलेला माणूस खाली बसला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तू पन?" एवढंच म्हणाल्या. मला त्या पुठ्ठ्याकडे बघवेना.

मग त्यांनी साहेबांना नमस्कार केला. सांगितलं की साहेब, जागा होतेच आहे, तोवर पाणी घ्या, पहिली भाकरी तुमचीच टाकते. लताकाकू तांब्या घेऊन पुढे झाली. साहेबांनी तांब्या घेतला नाही. त्यांनी मावशींकडे बघितलं, सतरंजीवरच्या आठ माणसांकडे बघितलं, खांबावरचा पुठ्ठा वाचला. परीक्षकांपैकी एका बाईंनी चपलेचा पट्टा सोडायला घेतला होता. साहेब घड्याळाकडे बघतात असं दिसल्यावर त्यांनी तो परत लावला.

पट्टीवाल्या सरांचा चेहरा मला अजून आठवतो. वाईट माणूस नव्हता तो. त्या क्षणी तरी त्यालाही खाली बसावंसं वाटत असावं.

साहेबांनी कागदावर काहीतरी खूण केली. पुढच्या स्टॉलकडे ओवाळायची ताटं घेऊन त्या नऊवारीतल्या मुली उभ्या होत्या. पण साहेब तिकडे चालत जाणार नव्हते. पन्नास पावलं असतील, सकाळी पुन्हा भिजवलेल्या रस्त्याची.

"बबन," ते म्हणाले, "गाडी काढ."

सगळ्यांनी बबनमामांकडे बघितलं. मामांची पाठ साहेबांकडे होती. त्यांची भाकरी कुस्करून झाली होती, वर रस्सा ओतून झाला होता. हात ताटात थांबला. चार दिवस मी तो हात थांबताना आणि उचलला जाताना बघितला होता.

मामांनी घास घेतला. नीट चावला, गिळला. शेजारच्या मांडववाल्याने मीठ सरकवलं, ते घेतलं.

"जेवतोय, साहेब," ते मागे न वळता म्हणाले. "झालं की काढतो."